१९७९ची पद्मिनी, हँड गिअरसकट

आमची फियाट विकायची आहे. कागदावर प्रीमियर पद्मिनी, १९७९ची, पेट्रोल. पण घरात तिला पद्मिनी कुणी कधी म्हटलंच नाही. फियाटबरोबरचा करार संपला आणि १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून हीच गाडी ‘पद्मिनी’ नावाने बाहेर पडायला लागली, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. नाव आजवर एकदाच बदललं, बाबांच्या नावावरून माझ्या नावावर. किंमत सव्वातीन लाख. तिच्यावर यापेक्षा जास्त खर्च झालाय आणि त्याची पै न् पै वहीत लिहिलेली आहे. नोकरी बँकेतली, त्यामुळे ती सवय आहेच. वही गाडीबरोबर देणार आहे.

बाबांचा दवाखाना गारगोटीला. त्या काळात गाडी पैसे टाकून लगेच मिळत नव्हती, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. बाबा चार वर्षं थांबले. गाडी आली तेव्हा मी तीन वर्षांची होते, म्हणजे ती नव्हती असं घर मला आठवतच नाही. कडगाव, पाटगावच्या बाजूला व्हिजिटला जायचं ते याच गाडीतून. भुदरगडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

२००८ साली बाबा गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. ती तब्बल अकरा वर्षं. त्याचा दोष माझाच, मला बघवत नव्हतं म्हणून मी शेडकडे जात नव्हते. २०१९ला शेजाऱ्यांच्या मदतीने बाहेर ढकलली तेव्हा चारही टायर बसलेले, मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केलेलं आणि इंजिन जाम. मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचललं, स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो खालच्या मातीत जाऊन रुतला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, बॉडी बोलत्या ती ऐकायची तयारी हाय न्हवं?” मी हो म्हटलं.

हे दुसरे मिस्त्री. पहिल्या गॅरेजमध्ये सात महिने वाया गेले. त्यांनी अख्खा पावसाळा गाडी उघड्यावर ठेवली आणि पुढच्या जाळीची क्रोमची पट्टी, दोन व्हील कप, मागच्या लाइटची एक काच हरवली. भांडून पैसे परत मिळाले, काच मिळाली नाही. त्या एका काचेसाठी मी मुंबई गाठली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दिवस दुकानं फिरले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना कुर्ल्यातच होता, आणि जिथे गाडी जन्माला आली तिथेच मी तिच्या तुकड्यासाठी दारोदार विचारत होते. सगळीकडे एकच उत्तर. टॅक्सी होत्या तोवर माल होता, आता कोण ठेवतो? खरंच आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांच्या गाड्या जगत होत्या. काच शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या पोटमाळ्यावर सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांनी ती आपल्या बाहीने पुसली आणि मगच माझ्या हातात दिली.

आता काय काय केलंय ते सांगते.

बुडाचा पत्रा दोन्ही बाजूंनी नवा, रनिंग बोर्ड नवे, डिकीतला खालचा पत्रा नवा. पुट्टी भरून झाकपाक केलेली नाही. हवं तर लोहचुंबक घेऊन या आणि सगळीकडे लावून बघा. डाव्या मागच्या दारावर मात्र तळहाताएवढ्या जागेत पुट्टी आहे, ती मीच दाखवीन. रंग नव्याने दिलाय, पण मूळचाच, फिकट राखी-निळा. मूळ छटा नेमकी कोणती यावर घरात वाद होता. आई म्हणायची आकाशी, मला आठवायचा राखाडी. डॅशबोर्डवरच्या कप्प्याचं झाकण काढलं तेव्हा बिजागरीच्या मागे, ऊन कधीच न पोचलेल्या जागी, दोन बोटं रुंद मूळ रंग जसाच्या तसा निघाला. त्यावरून रंग जुळवून घेतला. ती जागा मात्र मी रंगवू दिली नाही. झाकण उघडून बघा, १९७९चा रंग तिथे आहे.

इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. चारही बोअरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं तेव्हा कुठे ते फिरलं. बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात केलं. पिस्टन एका साइजने मोठे आहेत. व्हॉल्व सीट कडक धातूच्या बसवल्या, कारण ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली आणि ते पेट्रोल २००० सालीच बंद झालं. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर त्याने फुगतं नि चिरतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं त्याला टिकतील अशी घातलीत. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनामो काढून अल्टरनेटर. पूर्वी रात्री वायपर चालू केला की हेडलाइट मंद व्हायचे, आता होत नाहीत. रेडिएटरची जाळी मोठी करून घेतली आणि विजेवरचा पंखा लावला. २०२२च्या मे महिन्यात भर दुपारी करूळ घाट चढून गगनबावड्याला आले, इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. लिटरला १२-१३ किलोमीटर देते.

सगळ्यात मोठा बदल ब्रेकचा. चारही चाकांना ड्रम होते. पाण्यातून गाडी गेली की बाबा पुढचा फर्लांगभर ब्रेकवर पाय ठेवून लायनर वाळवत जायचे. आता पुढे डिस्क आहेत आणि बूस्टर आहे. पुढच्या दोन जागांना सीट बेल्ट लावलेत, त्यासाठी खांबात आणि बुडाला जाड पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, नुसते नटबोल्ट मारलेले नाहीत. दारं, काचा, सलग सीट, मीटर, स्टिअरिंगचं चाक, सगळं मूळचं.

आणि हँड गिअर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मूळचा.

इथेच विकण्याचं कारण येतं. गेल्या वर्षी माझ्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. स्नायू फाटला होता. हात बरा आहे, पण पुढे धरून सारखा ढकलायचा-ओढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि हा गिअर डाव्या हातानेच, स्टिअरिंगपाशी टाकायचा असतो. मिस्त्रींनी लगेच उपाय सांगितला. शेवटच्या वर्षांतल्या काही पद्मिनींना गिअर खाली आला होता, तसा करून देतो, वर इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवतो, तुम्ही वर्षानुवर्षं चालवा. त्यांचं चुकीचं नव्हतं. मी महिनाभर विचार केला.

मी आठ-नऊ वर्षांची असताना भातकापणीच्या दिवसांत एका रात्री सर्पदंशाचा मुलगा आला. बाबांनी इंजेक्शन दिलं आणि कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात हलवायचं ठरवलं. आई माहेरी गेली होती, मला घरी एकटं ठेवता येईना. मागच्या सीटवर तो मुलगा त्याच्या आईच्या मांडीवर, पायाशी त्याची आजी. पुढे बाबा, दारापाशी त्याचे वडील आणि मधे मी. पन्नासेक किलोमीटर, रस्ता तेव्हाचा. बाबांचा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर गिअरवर होता, तो एकदाही माझ्या गुडघ्याला लागला नाही, कारण खाली काही नव्हतंच. खाली माझे पाय होते आणि त्या माणसाची टोपी पडली होती. ती उचलायचं भान त्याला नव्हतं. मी ती उचलून सीपीआर येईपर्यंत मांडीवर धरून बसले. मुलगा वाचला.

गिअर खाली घ्यायचा तर मधला पत्रा कापावा लागतो आणि सलग सीट काढावी लागते. त्या जागेवर मी बसले होते. ती कापून मला गाडी चालवायची नाही. त्यापेक्षा ज्याचा खांदा धड आहे त्याने ती आहे तशी चालवावी.

म्हणून किंमत कमी ठेवली आहे. गिअर खाली घेणार असाल किंवा लग्नाच्या हॉलबाहेर सजवून उभी करणार असाल, तर माझ्याकडे येऊ नका. चालवणार असाल तर पाच-दहा हजारांचं बोलू.

कागदांचं थोडक्यात. इंजिन आणि चासी नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळतात. फेरनोंदणी २०२७ पर्यंत आहे, पर्यावरण कर भरलेला आहे. नावावर करायला लागणाऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर मी लगेच सही देईन. काही जण व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर विचारतात. तो नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना मिळतो, म्हणजे हिला २०२९ नंतर. तो घेऊ नका असंच मी म्हणेन, कारण तशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही.

खोडी दोन. थंडीत तिसरा गिअर पहिल्या दोन-तीन किलोमीटरला कुरकुरतो, ऑइल गरम झालं की बंद होतो. आणि जोराच्या पावसात ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब येतो. रबर दोनदा बदललं. बाबांच्या वेळीही तिथूनच यायचा, ते तिथे घडी घातलेला रुमाल ठेवायचे.

गाडी कोल्हापुरात आहे. बघायला सकाळी लवकर या. आदल्या दिवशी मी कव्हर काढून, धूळ झटकून ठेवीन, पण इंजिन गरम करून ठेवणार नाही. गार गाडीचा चोक तुम्हीच ओढा आणि सुरू करा. मी शेजारी बसेन.