तापीच्या काठानं, भरलेली टाकी घेऊन

प्रकाशा गावच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली, तेव्हा संडासाच्या टाकीचा लाल दिवा लागलेला होता. धुळ्याहून निघताना तो हिरवा होता. दोंडाईचा, नंदुरबार करत इथवर आलो आणि मध्ये कुठेच टाकी रिकामी करायला जागा मिळाली नाही. समोर तापीचं भरलेलं पात्र, पलीकडे केदारेश्वराचं देऊळ आणि आमच्या गाडीत तीन माणसांचा दोन दिवसांचा मैला. रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या भाऊंना विचारलं, तर ते अगदी सहज म्हणाले, "ताई, नदीमा सोडी द्या ना. पानी वाही जाई."

त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण जानेवारीतली तापी वाहत नाही. प्रकाशाला बॅरेज आहे, सारंगखेड्याला आहे, वर सुलवाड्यालाही आहे. पावसाळा सरला की त्यांचे दरवाजे खाली येतात आणि नदीचं एकापुढे एक लांबट तळं होतं. नदीत सोडलेली गोष्ट तिथेच फिरत राहणार. त्याच पाण्यावर गावांच्या योजना आहेत, शेतीपंप आहेत आणि दक्षिण काशी म्हणून लोक जिथे डुबकी मारायला येतात तो घाटही तिथेच आहे.

गाडीत संडास का, हे आधी सांगते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही, रात्री दोनदा उठावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख तिला पाहायचा होता. तिचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, भुसावळला गेलं. म्हणून नवऱ्याने जुनी प्रवासी गाडी घेऊन दोन वर्षं खपून तिचं घर केलं. तीन झोपायच्या जागा, एक शेगडी, फरशीखाली साठ लिटरची सांडपाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात कमोड. त्या कमोडखाली अठरा लिटरची सरकती टाकी असते. तिला कॅसेट म्हणतात. बाहेरच्या बाजूला एक छोटं दार आहे. ते उघडून कॅसेट सुटकेससारखी ओढून काढायची आणि कुठेतरी रिकामी करायची.

सगळी अडचण त्या "कुठेतरी"त आहे. अमेरिकेतल्या माझ्या भावाला यात काही विशेष वाटत नाही. तिकडे मोठ्या गाड्यांच्या पोटात टाक्या कायमच्या बसवलेल्या असतात, कॅम्पाच्या मैदानांवर जमिनीत झाकणाचं तोंड असतं, तीन इंची जाड नळी जोडायची, आधी मैल्याची टाकी सोडायची, मग आंघोळीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. आपल्याकडे राज्याने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण खानदेशात आमच्या वाटेवर असं झाकणाचं तोंड एकही दिसलं नाही. मग उरतो तो एकच मार्ग. ज्यांच्याकडे सेप्टिक टाकी आहे, त्यांच्या दारात जाऊन विचारायचं. पाणी मागायला कुणाला संकोच वाटत नाही. हे मागताना जीभ जड होते.

प्रकाशात एका धर्मशाळेच्या दारात मी उभी राहिले. तिथले बाबा सत्तरीचे असावेत, डोक्याला मफलर. मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी आधी नाही म्हटलं. मग गाडीशी येऊन कॅसेटकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "औषध टाकेल शे का यामा?"

त्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. या माणसाला त्याची टाकी कळत होती. परदेशी कॅसेटमध्ये टाकायला जे निळं औषध येतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असतं. त्याने वास थांबतो, पण सेप्टिक टाकीतले जीवाणूही मरतात. सेप्टिक टाकी चालते ती त्यांच्याच जिवावर. गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी पुढच्या शोषखड्ड्यात जातं आणि हवेवाचून जगणारे जीवाणू तो गाळ हळूहळू खात राहतात. बाबांच्या टाकीत मागे कुणीतरी संडास चकचकीत करायला ॲसिडच्या बाटल्या ओतल्या होत्या. महिनाभर नाक धरून राहावं लागलं, म्हणाले. आम्ही निळं औषध कधीच वापरत नाही. सेप्टिक टाकीसाठी जीवाणूंची जी पावडर मिळते, तीच एक चमचा कोमट पाण्यात कालवून टाकतो. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, चला.

नव्या संडासांकडे नेलं नाही. मागच्या बाजूचा जुना दाखवला, कारण टाकी त्याच्या लगेच मागे होती आणि पाइप लांबचा नव्हता. अठरा लिटर एकदम ओतले तर भारतीय भांड्याचा वाकडा गळा तुंबतो आणि सगळं पायावर येतं. म्हणून कॅसेटची चोच बाहेर फिरवायची, वरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि हळू कलवायचं. बटण सुटलं की आतली हवा अडते, गुडगुड होते आणि शिंतोडे उडतात. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पायात गमबूट. दोनतीन लिटर गेले की थांबायचं, भांडं ओढून घेतं का ते पाहायचं, मग पुढचे. शेवटी अर्धी बादली पाणी आत घालून कॅसेट हलवायची आणि तेही तिथेच ओतायचं. दोनदा. मग भांडं, फरशी, उंबरा धुवायचा. आपण आलो होतो याची खूण राहता कामा नये. बाबा दारात उभे राहून सगळं बघत होते. पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. देवळाच्या पेटीत टाका, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शहाद्याहून शिरपूर, चोपडा असा सातपुड्याला डावीकडे धरून जाणारा रस्ता घेतला. केळी, कापूस, परत केळी. वाटेत एका मोठ्या ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. आईने भाकरीचा पापुद्रा उलटून पाहिला आणि पास केला. ढाब्याचे संडास स्वच्छ, फरशा पांढऱ्या, मालक म्हणाला बिनधास्त ओता. पण प्रकाशा गावच्या धर्मशाळेतल्या बाबांनी मला एक गोष्ट शिकवली होती. सेप्टिक टाकी असली की तिच्या हवेचा उंच पाइप दिसतो, टोकाला जाळी लावलेला. इथे पाइप दिसेना. मी इमारतीला वळसा घालून मागे गेले. संडासातून निघालेली जाड काळी नळी सरळ नाल्यावर उघडत होती आणि नाला खालच्या हरभऱ्याच्या शेताकडे जात होता. मालकाला मी म्हटलं, दादा, हे असं आहे. तो म्हणाला, सगळ्यांचंच आहे. मी कॅसेट परत आत सरकवली. राग आला आणि तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. पांढऱ्या फरशीपुढे त्या नळीचं कुणाला काही वाटत नाही, याचा राग.

यावलच्या अलीकडे एका केळीच्या बागेशी मुक्काम केला. मालक साठीचे, लेवा पाटील. त्यांनी विहिरीजवळ गाडी लावू दिली आणि गावातल्या घरचा संडासही देऊ केला. दोन खड्ड्यांचा होता. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा, वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातलं सगळं मातीसारखं कोरडं होतं, त्याला वास राहत नाही. त्याला आपल्याकडे सोनखत हा किती सुंदर शब्द आहे! पण असला खड्डा घरच्या पाचसहा माणसांच्या हिशेबाने बांधलेला असतो. त्यात पाहुण्यांचे अठरा लिटर ओतणं मला पटेना. मी नको म्हटलं, त्यांना ते आवडलं असावं.

सांडपाण्याचं मात्र विचारलं. साठ लिटर साबणाचं पाणी होतं, बांधावर सोडू का? ते म्हणाले, "इथं नको ताई. इथलं पानी थांबत नाही, सरळ खाली जातं. खाली आमची विहीर हाये."

मग त्यांनी बांधाची कड पायाने उकरून दाखवली. वीतभर मातीखाली गोटे. नारळाएवढे, कलिंगडाएवढे, गुळगुळीत. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेले. पायथ्याशी हा दगडगोट्यांचा पट्टा पसरलेला आहे, त्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी इथे पटकन मुरतं, म्हणून तर तापीचं पुराचं पाणी आणून इथल्या जमिनीत मुरवायच्या योजनेची एवढी चर्चा आहे. केळीने इथल्या विहिरी खोल नेल्या. जे पाणी मुरेल ते पुन्हा वर काढावंच लागणार. त्या पट्ट्यात साबण, तेल, मैला सोडणं म्हणजे चाळणीतून ओतणं. आणि खाली तापीकाठच्या काळ्या जमिनीत नेमकं उलट. ती ओली झाली की फुगते, पाणी घेतच नाही, शोषखड्डे पावसाळ्यात तोंडापर्यंत भरतात. दोन तासांच्या अंतरावर दोन जमिनी, आणि दोन्हींचं म्हणणं एकच.

शेवटी ते पाणी त्यांच्या घरच्या मोरीच्या कडेला गेलं. तिथे अळू आणि कर्दळी गच्च माजल्या होत्या. आजीबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईंनी, एकच अट घातली. तेल नको. सुदैवाने आम्ही ते आधीपासून पाळत होतो. शेवभाजीचं पातेलं, तर्रीच्या वाट्या, वांग्याच्या भरताची कढई, सगळं आधी भाकरीच्या तुकड्याने, मग वर्तमानपत्राने पुसून घ्यायचं आणि मगच पाणी लावायचं. खानदेशी जेवणाचं तेल टाकीच्या भिंतींना एकदा बसलं की उन्हाळ्यात त्याचा वास गाडीत राहू देत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर पारा जातो त्या गावांत आमची ही गाडी मी कधी आणणार नाही.

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. आईच्या उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला असायचा. आधीच्या सकाळी थंडीवर घातलं होतं. त्या रात्री मी जागी होते. तिने तांब्या उचलला, ओठ ओले केले, ठेवून दिला. मी विचारलं, "आई, तहान नाही लागली?"

ती अंधारातच म्हणाली, "लागलीय. पण ती पेटी भरते गं लवकर. तुला दारोदार हिंडावं लागतं."

मला काही बोलता आलं नाही. सहा दिवसांच्या प्रवासात पहिले तीन दिवस माझी आई तहानलेली होती. एसटीने फिरणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मी आयुष्यभर पाहिलंय, स्वतः केलंय. ते बंद व्हावं म्हणून तर गाडीत संडास केला होता.

सकाळी फैजपूरवरून जाताना आईच सांगत होती, इथे 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष होते, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूंनी मंडप सजवला होता. हे तिने वडिलांकडून ऐकलेलं. त्या हजारो माणसांच्या शौचाची सोय कुणी केली, कशी केली, हे तिला विचारलं, तर म्हणाली, चर खणले असतील आणि माती ओढली असेल, गांधीजींचा तोच नेम होता. मला वाटलं, तेवढ्या सगळ्यांसाठी कुणीतरी आधी बसून हा विचार केला असणार.

त्या दिवशी मी दारं ठोठावण्याऐवजी भिंती वाचल्या. पुढच्या शहराच्या वेशीपासून भिंतींवर रंगवलेलं असतंच, "सेफ्टी टँक खाली करून मिळेल", खाली नंबर. फोन लावला. गाडीवाला चौकात भेटला, त्याची मैला उपसायची गाडी पाठीवर निळी टाकी घेऊन उभी होती. मी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही कुठे रिकामी करता? तो थोडा थांबला. मग म्हणाला, पूर्वी कुठेही करायचो ताई, शेतकरी पण बोलवायचे, आता नगरपालिकेचं केंद्र आहे कचरा डेपोशेजारी. चला दाखवतो. त्याच्या मागे आम्ही गेलो. वाळू-खडीचे वाफे, त्यांवर ओतलेला गाळ वाळत पडलेला, खालून निथळलेलं पाणी वेगळ्या टाक्यांत. कपडे वाळत घालावेत इतकं साधं काम. दारावर वही. त्याने गाडीचा नंबर लिहिला, खाली आमचाही लिहिला, आणि "किती?" या रकान्यात कारकुनाने गंभीरपणे "18 लि." असं मांडलं.

गाडीवाल्याने सांगितलं, त्याच्या वडिलांनी हे काम बादलीने केलं. टाकीत उतरून. 2013 च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं बंद केलं, तरी अजून कुठे कुठे माणसं आतल्या विषारी वायूने मरतात हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. "मी नळी टाकतो, मी नाही उतरत," असं तो दोनदा म्हणाला. येताना सिन्नरमधून आलो होतो. तिथे आणि वाईला नगरपालिका घरोघरच्या टाक्या ठरल्या वर्षी आपणहून उपसतात, भरून वाहायची वाट पाहत नाहीत. हे त्याला सांगितलं, तर त्याने नीट विचारून घेतलं. पैसे कोण देतं, गाडी कुणाची, दिवसाला किती घरं होतात.

शेवटचा मुक्काम चांगदेवला. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात तिथे ते जुनं दगडी देऊळ, आणि पुढे हतनूर धरणाचं पसरलेलं पाणी. देवळाच्या पायऱ्या आईला जमल्या नाहीत, तिने खालूनच हात जोडले. मुक्ताईच्या दर्शनाला मात्र आत जाता आलं. तिथून जवळच एका भक्तनिवासात मी विचारायला गेले, तर झाडलोट करणाऱ्या मावशींनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "म्हातारी मानूस आहे ना बरोबर? मग काय विचारायचं?" आधी मी हवेचा पाइप पाहिला. होता, जाळीसकट.

रात्री आईने तांब्या मागितला. मी भरून दिला. तिने तो तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा केला, मग थांबून माझ्याकडे पाहिलं.

"दोनदा उठावं लागेल," ती म्हणाली.

"ऊठ," मी म्हटलं.

तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.