बक ओनीलला हयातीत का नाही घेतलं?

बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, माहितीये, पण बक ओनील या खेळाडूबद्दल, आणि त्याला हयातीत हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, का घेतलं नाही याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. जन्म १९११ चा, फ्लोरिडातला. पोरवयात सारासोटाच्या सेलरीच्या शेतात पेट्या उचलायचा, उन्हात घामाघूम होऊन एकदा मोठ्यांदा बोलून गेला की यापेक्षा बरं काहीतरी असणारच. गावातलं हायस्कूल फक्त गोऱ्या मुलांचं, म्हणून शिकायला थेट जॅक्सनव्हिल गाठावं लागलं.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, तेव्हा काळ्या खेळाडूंना घ्यायचेच नाहीत, म्हणून त्यांच्या वेगळ्या निग्रो लीग होत्या. बक १९३८ पासून त्यातल्याच कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिला बेस सांभाळणारा फील्डर. पण मला त्याच्या आकड्यांपेक्षा त्याचे कान जास्त आवडतात. लहानपणी मैदानाबाहेर असताना त्याला आतून बॅटचा असा काही आवाज आला की बघायला धावला, तर आत मेजर लीगचा प्रसिद्ध फटकेबाज बेब रूथ प्रॅक्टिस करत होता. मग मोनार्क्सकडून खेळताना ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होता आणि पुन्हा तोच आवाज! अर्धवट कपड्यांत तसाच बाहेर पळाला, बघतो तर निग्रो लीगमधला फटकेबाज जॉश गिब्सन. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा म्हातारा झाला होता, बॅट नव्या पिढीतल्या बो जॅक्सनच्या हातात. रूथला सगळं जग ओळखतं आणि गिब्सनला मेजर लीगमध्ये एक मॅचही खेळू दिली नाही, पण बकच्या कानाला दोघांत काही फरक लागला नाही.

१९४७ मध्ये ही बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा बक पस्तिशीत, मधली वर्षं युद्धात नेव्हीत गेलेली, त्यामुळे त्याची संधी हुकली ती हुकलीच. मग मोनार्क्सचा मॅनेजर झाला, पुढे मोठा स्टार झालेला एर्नी बँक्स त्याच्याच हाताखाली खेळला, नंतर शिकागो कब्ज या मेजर लीग संघाचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू शोधणारा, म्हणून लू ब्रॉक या आणखी एका भावी स्टारला साइन केलं. १९६२ मध्ये कब्जने त्याला कोच केलं, मेजर लीगमधला पहिला काळा कोच, आणि तरी मॅच चालू असताना बेसजवळच्या कोचच्या जागेवर कधी उभं केलं नाही. हे वाचून माझं डोकंच फिरलं.

म्हातारपणी कॅन्सस सिटीत निग्रो लीगचं म्युझियम उभं करायला झटला, गावोगाव फिरून जुन्या खेळाडूंच्या गोष्टी सांगत राहिला. २००६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या खास समितीने निग्रो लीग आणि त्याआधीच्या काळातली १७ नावं निवडली, त्यात बक नाही. आणि त्या सतरा जणांपैकी एकही हयात नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीने बोलायला हॉल जिथे आहे त्या कूपरस्टाउनच्या स्टेजवर कोण गेलं, तर चौऱ्याण्णव वर्षांचा बकच. स्वतःबद्दल कुरकुर नाही, सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून गाणं म्हणवून घेतलं. इतकं मोठं मन कुठून आणतात माणसं! तो रागावला नाही म्हणून आपणही रागवायचं नाही हे मात्र मला पटत नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये तो गेला. २००८ मध्ये हॉलने त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला, आत त्याचा पुतळाही बसवला, पण सदस्य म्हणून निवड २०२१ च्या डिसेंबरात आणि सदस्याच्या नावाची पाटी लागली २०२२ मध्ये. पुतळ्याला जागा होती, मग पाटीला अजून चौदा वर्षं कशासाठी लागली?