क्वेरी, कपात आणि कान्हेरे मैदान

गेल्या वर्षी सासूबाईंच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि डिस्चार्जच्या दिवशी आम्ही नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत मेडिक्लेमच्या खिडकीसमोर बसून होतो. काचेपलीकडे चोविशी-पंचविशीतली एक मुलगी होती आणि दिवसभर तिच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘‘टीपीएची क्वेरी आली आहे, डॉक्टरांचे उत्तर पाठवले आहे, अप्रूव्हल आले की सांगते.’’ टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मध्यस्थ संस्था. चारच्या सुमारास निफाडकडच्या एका गृहस्थांचा धीर सुटला. काचेवर तळहात आपटून ते म्हणाले, ‘‘अमेरिकेत त्या पोरानं केलं तेच बरोबर. गोळ्याच घातल्या पाहिजेत यांना.’’ रांगेतले दोघे-तिघे हसले आणि खोटे कशाला बोलू, मान माझीही हलली. त्या मुलीने मात्र आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली. ती विमा कंपनीची नव्हतीच, रुग्णालयाची नोकरदार होती.

ते गृहस्थ ज्या घटनेबद्दल बोलत होते ती ४ डिसेंबर २०२४ ची. युनायटेड हेल्थकेअर या विमा कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी ब्रायन थॉम्पसन यांची न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनमधील हिल्टन हॉटेलबाहेर पाठीमागून गोळ्या झाडून हत्या झाली. घटनास्थळी सापडलेल्या काडतुसांवर ‘डिले’, ‘डिनाय’ असे शब्द लिहिलेले होते, म्हणजे रखडवणे आणि नाकारणे. पाच दिवसांनी लुइजी मँजिओनी हा २६ वर्षांचा तरुण पकडला गेला. त्याने आरोप नाकबूल केले आहेत. त्याच महिन्यात एमर्सन कॉलेजने घेतलेल्या पाहणीत बहुसंख्य मतदारांनी ही हत्या अमान्य ठरवली, पण १८ ते २९ वयोगटातल्या ४१ टक्के जणांना ती मान्य होण्यासारखी वाटली. तेव्हा निफाडचे गृहस्थ काही एकटे नव्हते.

रात्री घरी हा विषय निघाला तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, तू रोज सकाळी ज्या मैदानाला फेऱ्या मारतेस, त्याला नाव कुणाचं आहे?’’ ज्याला आम्ही नाशिककर अजूनही गोल्फ क्लबच म्हणतो, ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी अठरा वर्षांच्या कान्हेरे यांनी इथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपासाठी नाटकाचा प्रयोग ठेवलेला होता. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. एकाला हुतात्मा म्हणायचे आणि दुसऱ्याला खुनी, हे कसे, असा पुतण्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, आणि जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते हे आठवले की तो आणखी अवघड होतो. तरीही मला फरक दिसतो. बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल. ज्या राज्यात छापील शब्दाला ही शिक्षा आणि राज्यकर्ता बदलायला मत नाही, तिथल्या अठरा वर्षांच्या मुलाची कोंडी आणि माझी त्या खिडकीसमोरची चिडचिड एका तागडीत घालणे मला जमत नाही. आमच्यासमोर दारे होती. ती करकरत उघडतात, हे मान्य.

पुतण्याचे म्हणणे असे की गोळीनंतरच कंपन्या वठणीवर येतात, आणि पुरावा म्हणून त्याने अमेरिकेतल्याच अँथेम या विमा कंपनीचे उदाहरण दिले. भूल देण्याच्या वेळेवर मर्यादा घालण्याचा बेत त्या कंपनीने हत्येच्या दुसऱ्याच दिवशी मागे घेतला, हे खरे आहे. पण भूलतज्ज्ञांची संघटना त्याविरुद्ध नोव्हेंबरपासूनच उभी होती. हत्येचा थेट परिणाम म्हणावा तर इतकाच दिसला की कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे संकेतस्थळांवरून काढून टाकली आणि त्यांच्याभोवतीचे पहारे वाढवले. आपल्याकडे तर राग वरपर्यंत पोचतही नाही. तो निवासी डॉक्टरवर, परिचारिकेवर, खिडकीतल्या मुलीवर निघतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला तो उगीच नव्हे.

रागाचे कारण मात्र शंभर टक्के खरे आहे. २०२३-२४ मध्ये देशात आरोग्य विम्याचे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे होते, त्यांपैकी ८३,४९३ कोटी दिले गेले. आमची पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज तीन हजार. साधी खोली रिकामी नव्हती म्हणून आम्ही साडेचार हजारांची घेतली. रोजचे दीड हजार आपल्या खिशातून जातील, एवढाच माझा हिशेब होता. प्रत्यक्षात मर्यादा भाड्याच्या दोन तृतीयांश, म्हणून शल्यचिकित्सकाची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्याचेच दोन तृतीयांश मिळाले. याला प्रमाणशीर कपात म्हणतात, ती पॉलिसीत लिहिलेली असते आणि कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. पण कंपनीने औषधे आणि तपासण्यांच्या अठरा हजारांवरही तीच कात्री चालवली होती, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे ती तिथे चालवता येत नाही. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आणि उशीर झाल्यास रुग्णालयाचा वाढीव खर्च विमा कंपनीने सोसायचा, हा २०२४ चा नियमही मला नऊ तास बसून झाल्यावर, घरी आल्यावर कळला.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र दिले. महिनाभर उत्तर आले नाही, तेव्हा पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार केली. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. लोकपालांची नोटीस गेल्यावर, सुनावणीच्या आधीच, कंपनीने सहा हजार रुपये खात्यात जमा केले. सोबत दिलगिरीची एक ओळही नव्हती.

‘‘सहा हजारांसाठी पाच महिने?’’ पुतण्याने विचारले. मी गप्प बसले, कारण रखडवण्याचा धंदा चालतो तो नेमका याच हिशेबावर. निफाडच्या त्या गृहस्थांचा फोन नंबर मात्र त्या दिवशी घ्यायला हवा होता. त्यांच्या कागदावर कात्री कुठे चालली होती, हे बघायचे राहूनच गेले.