पडलं का?

परवा दुपारी लेकीने लॅपटॉपचा पेन ड्राइव्ह सरळ उपटला. मी ओरडलो, "अगं, आधी इजेक्ट तरी कर!"

"बाबा, कॉपी झालं म्हणाला की तो."

म्हणाला! गोम तिथेच आहे. लिहिलं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ते नुसतं मेमरीत पडलेलं असतं. लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली, तो मजकूर अर्ध्याएक मिनिटाने सवडीने डिस्कवर उतरवतो. घाई असेल त्याने 'एफसिंक' म्हणून विचारायचं, उतरलं का?

आजी मला पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकायला धाडायची. टाकल्यावर फटीत बोटं घालून चाचपायचं, पेटीवर दोन थापा मारायच्या, हा माझा नेम. घरी आलो की आजी चुलीपासूनच विचारायची, "पडलं का?" मी हो म्हणायचो. घटकाभराने पुन्हा, "नीट पडलं ना रे?" दुसऱ्या खेपेला मी प्रश्न न ऐकताच हो म्हणायचो.

लिनक्सचंही तेच निघालं. डिस्कने लिहून घ्यायला नकार दिला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चूक एकदा सांगायचा आणि मेमरीतली ती पानं (माहितीचे तुकडे) 'उतरली' अशी खूण करून मोकळा व्हायचा. पोस्टग्रेस, माहिती साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर, बिचारं पुन्हा विचारायचं. उत्तर यायचं, सगळं ठीक. हे २०१८ साली ध्यानात आलं, तोवर वीसेक वर्षं असंच चाललेलं. कर्नलवाल्यांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं: कुणी पेन ड्राइव्ह उपटून नेला तर ती पानं कुणासाठी सांभाळायची? मेमरी भरून जाईल! (लेकीला हे सांगितलं नाही. शेफारेल.)

फेब्रुवारी २०१९ पासून पोस्टग्रेस दुसऱ्यांदा विचारतच नाही. एफसिंक चुकला की स्वतःहून कोसळतं आणि आपल्या लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, पुन्हा उभं राहतं. मला हा बाणेदारपणा फार आवडतो. मी मात्र अजून कंट्रोल-एस तीनदा दाबतो. जुने युनिक्सवालेही म्हणे 'सिंक' तीनदा टाइप करायचे.

एक कार्ड मात्र पेटीत पडलंच नव्हतं. वाटेत गोट्यांचा डाव रंगला, मग पाऊस आला, आणि चड्डीच्या खिशात त्याचा लगदा झाला. "पडलं का?" "हो." "नीट ना?" "हो गं."

दिवाळीला मावशी आली. आजी तिला म्हणाली, "पत्र नाही मिळालं? पोस्टमनचा हल्ली काही नेम नाही बाई."

मी चकली खात होतो.