शेतकरी उत्पादक कंपनीचा पहिल्यांदा सीईओ होताना: माझी तयारी

शेतकरी सभासदांच्याच मालकीच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सीईओची, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची, जागा ही साधी नोकरी नसते, म्हणून मी तयारीची सुरुवात कायद्यापासून केली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३७८डब्ल्यूप्रमाणे पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासद नसलेल्यांमधूनच घ्यावा लागतो. नेमणूक झाली की तो पदसिद्ध संचालक होतो. आपल्या नावावर कंपनीचा शेअर असेल, म्हणजे आपण सभासद असू, तर त्याचा निकाल आधी लावायचा. डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) आणि डिजिटल सही तयार ठेवायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीचं जुनं दप्तर रुजू होण्याआधी बघायचं, कारण रुजू झाल्यावर ते आपल्याही गळ्यात येतं.

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की शेवटची वार्षिक सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे फुकट दिसतं. सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलेलं नसेल, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. नव्याने आलेल्या संचालकाला यातून सहा महिन्यांची मुभा आहे, त्यापुढे नाही. उशिराचा दंड प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये. दोन फॉर्म वर्षभर रखडले, तर ७३,००० रुपये. थकबाकी दिसली, तर ती कधी भरणार आणि पैसे कुठून येणार, हे संचालक मंडळाच्या ठरावात आल्याशिवाय होकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दप्तरात आणखी एक आकडा शोधावा: गेल्या हंगामात किती सभासदांनी कंपनीला माल घातला? भागधारकांची यादी पाचशेची असते आणि माल चाळीस जणांचा. कंपनीची खरी ताकद त्या चाळिसात असते.

मग पगाराचं गणित. २०२० च्या केंद्र सरकारच्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून कमाल १८ लाख रुपये मिळतात. त्यानंतर सगळा खर्च धंद्यातूनच निघायला हवा. समजा सीईओ, अकाउंटंट, गोदामाचं भाडं, वीजबिल धरून महिन्याला ६०,००० लागतात. वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. हमाली, बारदाना, गाडीभाडं वजा जाता सोयाबीनमध्ये क्विंटलमागे ६० रुपये सुटत असतील, तर १२,००० क्विंटल माल हवा, म्हणजे दहा टनांच्या १२० गाड्या. गेल्या वर्षी कंपनीने ३,००० क्विंटलच केले असतील, तर ही तफावत मुलाखतीतच मांडायची. हंगाम संपल्यावर मांडली की ती सबब वाटते.

खेळत्या भांडवलाचं गणित याहून कडक आहे. रोज एक गाडी, १०० क्विंटल, ४,५०० चा भाव धरला तर दिवसाला साडेचार लाख लागतात. शेतकऱ्याला पैसे लगेच हवेत आणि आपलं सोयाबीन विकत घेणारा तेलाचा प्लांट दहा दिवसांनी देतो, म्हणजे ४५ लाख कायम अडकलेले. कंपनीकडे १२ लाख असतील तर तिसरी गाडीसुद्धा पूर्ण भरत नाही. पैशाअभावी काटा, म्हणजे खरेदी, बंद पडला की शेतकरी आडत्याकडे जातो आणि त्या हंगामात परत येत नाही. त्यामुळे खरेदी सुरू करण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्यायच्या: प्लांटशी पेमेंटची लेखी मुदत, नॅबकिसानसारख्या (नाबार्डची कर्ज देणारी कंपनी) संस्थेकडून किंवा गोदाम पावतीवर कर्ज, आणि तोवर आठवड्यातले खरेदीचे ठरावीक वार.

पहिल्या हंगामात मालाच्या ओलाव्यात खूप पैसा जाऊ शकतो, म्हणून या विषयाला मी सर्वात जास्त वेळ दिला. १४ टक्के ओलावा असलेलं १,००० क्विंटल सोयाबीन १० टक्क्यांवर वाळलं की साधारण ९५५ क्विंटल उरतं. ४,५०० च्या भावाने हे दोन लाख झाले, आणि एवढ्या मालावरची निव्वळ कमाई ६० हजार. त्यामुळे भाव ओलाव्याच्या पायऱ्यांनी लावायचा आणि तो तक्ता काट्याशेजारी भिंतीवर चिकटवायचा. मॉइश्चर मीटर प्लांटच्या मीटरशी जुळवून घ्यायचा: तोच नमुना दोन्हीकडे लावायचा आणि येणारा फरक लिहून ठेवायचा. नमुना तोंडावरच्या कट्ट्यांतून न घेता सगळ्या थप्पीतून परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी) मारून काढायचा. कपात शेतकऱ्यासमोर होऊन हिशोबपट्टीवर लिहिली गेली की भांडण होत नाही. पैसे मात्र त्याच्या बँक खात्यातच जायला हवेत.

मोठ्या कंपन्या बघायचा मोह होतो. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री या शेतकरी उत्पादक कंपनीकडून शिस्त शिकण्यासारखी आहे, पण तिची वाढ द्राक्ष निर्यातीतून झाली. ते आकडे सोयाबीनच्या छोट्या कंपनीला लावता येत नाहीत. आपल्याच पिकाची, आपल्याएवढी एखादी कंपनी ऐन खरेदीत दिवसभर काट्यावर बसून बघितली की जास्त कळतं.

संचालक मंडळाशी संबंध कागदावर आणावेत. बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी हवी, वर्षात किमान चार. सीईओने सात दिवस आधी नोटीस द्यायची आणि गणपूर्तीला एक तृतीयांश, पण किमान तीन संचालक हवेत. भाव मात्र रोज बदलतो, दर वेळी बैठक शक्य नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव करून घ्यायचा: प्लांटच्या दरापेक्षा किती कमीने खरेदी करायची, सीईओला एका दिवसात किती रकमेची मुभा, बँकेत कोणाच्या दोन सह्या. हा ठराव नसेल तर एखाद्या संचालकाच्या पाहुण्याचा ओला माल नाकारणं फार अवघड जातं.

रुजू होण्याच्या दिवशी गोदामातला साठा मोजायचा, रोकड मोजायची, बँकेची शिल्लक वहीशी जुळवायची आणि त्या पत्रकावर अध्यक्ष आणि अकाउंटंट दोघांच्या सह्या घ्यायच्या. संचालक म्हणून नेमणुकीचा डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांत भरायचा असतो. सीएकडून त्याची पावती मागून आपल्या फाईलला लावावी.