हेन्रिएटा कोण?

स्कॉटलंडमधल्या एडिनबऱ्यात जनरल रजिस्टर हाउसच्या, म्हणजे जुन्या सरकारी नोंदींच्या दफ्तराच्या, दारासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा. माझी गिऱ्हाइकं बहुतेक त्या घोड्याखालीच भेटतात. त्या सकाळी तिथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाहून आलेले एक निवृत्त शाळामास्तर उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, आणि छातीशी धरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात त्यांचं सगळं घराणं.

मी मूळची गडहिंग्लजची. आमच्याकडे सुगीनंतर बैलावर बसून हेळवी यायचे आणि अंगणात बसून सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे. आई शेजारणींना सांगते, "आमची पोरगी तिकडं हेळव्याचंच काम करते." खोटं नाही. फक्त बैल नाही, आणि पायली-दोन पायली जोंधळ्याऐवजी तासावर पैसे.

मास्तरांची पणजी मेरी मॅकडोनल्ड १९०९ साली व्हिक्टोरियात वारली. तिकडचे मृत्यूचे दाखले म्हणजे नुसती चैन. बापाचं नाव, त्याचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, नवरा, मुलं, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, सगळं लिहिलेलं. बाप डोनल्ड, क्रॉफ्टर, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीचा तुकडा कसणारं कूळ. आई कॅथरीन मॅक्लीन. जन्म स्कॉटलंडच्या पश्चिमेकडल्या नॉर्थ युइस्ट बेटावरचा. वसाहतीत ५६ वर्षं.

घरातली गोष्ट अशी की मेरी अकरा वर्षांची असताना 'हर्क्युलीस' जहाजावरून एकटी उतरली. बाकीचे सगळे वाटेत गेले. मास्तरांना ते कुठे गेले हे हवं होतं. "एखादा दगड तरी असेल कुठे," म्हणाले.

हर्क्युलीसचं नाव निघालं की आमच्या धंद्यातली माणसं जरा गप्प होतात. १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बेटं उपाशी पडू लागली. समुद्री शेवाळ जाळून राख विकण्याचा धंदा आधीच बसला होता, आणि जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. नॉर्थ युइस्टमधल्या सॉलसला १८४९ मध्ये लॉर्ड मॅकडोनल्डने घरं खाली करायला लावली तेव्हा पोलीस आणावे लागले, आणि बायकांनी त्यांच्यावर दगड घातले. मग १८५२ मध्ये 'हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी' निघाली. खर्चाचा तिसरा हिस्सा जमीनदाराने द्यायचा, बाकीचं सोसायटी उसनं देणार. पाच वर्षांत जवळपास ५,००० माणसं तिने ऑस्ट्रेलियाला धाडली. तिचे एक कर्ते-करविते चार्ल्स ट्रेव्हेलियन, जे पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. उपाशी प्रजेचा हिशेब कसा मांडायचा याचा सराव असलेला माणूस, हे माझं मत.

हर्क्युलीस १८५२ च्या डिसेंबरात कँपबेलटाऊनहून सुटलं. वादळ, मग देवी, मग टायफस. आयर्लंडच्या क्वीन्सटाऊन बंदरात ते एप्रिलपर्यंत अडकून पडलं. पन्नासहून अधिक माणसं मेली, पोरं उघडी पडली, आणि वाचलेल्यांतल्या कित्येकांना दुसऱ्या जहाजांवर चढवून पुढे पाठवलं. एका घरची माणसं निरनिराळ्या महिन्यांत पोचली.

मास्तरांनी दहा वर्षं खपून गृहपाठ केला होता. १८५१ च्या खानेसुमारीतलं घर त्यांच्याकडे होतं: डोनल्ड, कॅथरीन, एफी वय १३, मेरी वय ९, अलेक्झांडर वय ४. सोसायटीच्या यादीतही हेच पाच जण. त्यापुढे एफीचा पत्ता नाही. व्हिक्टोरियात त्या वयाची, त्या आईबापांची एफी नाही की युफेमिया नाही. म्हणजे गेली, असं त्यांनी धरलेलं.

मी दुपारपर्यंत त्यांच्याच कागदांवर डोकं घातलं. खरं सांगायचं तर नवीन सापडण्याजोगं काही नव्हतं, आणि फी घ्यायची लाज वाटू लागली होती. मग सवयीने मेरीच्या मुलींची नावं मांडली. जुन्या स्कॉटिश घरांत नावं ठरलेली असायची. पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी बापाच्या आईची, तिसरी आईची स्वतःची. मेरीच्या तीन मुली अगदी कायद्यात बसत होत्या. कॅथरीन, मार्गारेट, मेरी. चौथी हेन्रिएटा.

"ही हेन्रिएटा कोण?"

"कोण म्हणजे? आवडलं असेल नाव."

युइस्टच्या कुळाच्या पोरीला हेन्रिएटा आवडेल कुठून? दोन्हीकडे एकही हेन्रिएटा नव्हती. तेव्हा मी बाहेर जाऊन एका सहकाऱ्याच्या आत्याला फोन लावला. त्या युइस्टच्याच, घरात गेलिक, म्हणजे तिकडची जुनी भाषा, बोलणाऱ्या. विचारलं, एफी म्हणजे तुमच्यात घरी काय म्हणतात?

"ऑइरिक," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. एफी, युफेमिया. नाहीतर हेन्रिएटा."

काही जुन्या बुकांत याच नावाच्या बाईला 'आफ्रिका' लिहिलेलं आहे. गेलिक ऐकायचं आणि जवळपासचं इंग्रजी ठोकून द्यायचं, अशी कारकुनांची रीत. बेटावरच्या कारकुनाने एफी लिहिलं, तर पुढच्या बंदरातला तेच लिहील असं थोडंच आहे? मला स्वतःचाच राग आला. माझी आजी माहेरी चिमी, शाळेच्या दाखल्यावर शांता, आणि लग्नात तांदळात नाव लिहिलं ते लक्ष्मी. तिच्या पोस्टाच्या पुस्तकावरून घरात दोनदा भांडणं झालेली. आणि इथे मी सकाळपासून एफीच्या स्पेलिंगचे पंधरा प्रकार घालत बसले होते.

व्हिक्टोरियाची सरकारी मदतीने आलेल्यांची सूची तिथल्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवली आहे. हेन्रिएटा मॅकडोनल्ड, वय १६, १८५३ ची अखेर, दुसरं जहाज. मग लग्नं. तीन हेन्रिएटा निघाल्या. एक वयाने मोठी, एकीचा जन्म मेलबर्नचा. तिसरी १८५८, जिलाँग, जन्म स्कॉटलंड. दाखल्याची प्रत पैसे भरले की लगेच उतरवून घेता येते. मास्तरांनी कार्ड काढलं, पण आकडे माझ्याकडूनच टाकून घेतले. हात थरथरत होता.

पान उघडलं. बाप डोनल्ड मॅकडोनल्ड, क्रॉफ्टर. आई कॅथरीन, माहेरची मॅक्लीन. जन्म नॉर्थ युइस्ट. मी खुर्ची मागे सरकवली, म्हटलं त्यांना वाचू दे. ते वाचत वाचत खाली गेले आणि बोट एका जागी थांबलं. साक्षीदार: मेरी मॅकडोनल्ड, आणि नावाच्या मधोमध फुली. तिची निशाणी.

मी माझं काम केलं. म्हटलं, मॅकडोनल्ड तिकडे पैशाला पासरी, त्यात मेरी तर शेकड्यांनी. या एका फुलीवरून ती तुमचीच असं लिहून देता येणार नाही. त्यांनी मान हलवली. ऐकलं नाही हे दिसतच होतं. त्यांच्या घरात दीडशे वर्षं एकटी असलेली पोर बहिणीच्या लग्नाला उभी होती. डब्यातून मेरीच्या स्वतःच्या लग्नाचा दाखला निघाला, तिथेही फुली. त्यांनी दोन्ही फुल्या शेजारी शेजारी ठेवल्या. फुलीवरून काय ओळखणार? पण मीही वाकून बघितलंच.

"त्या बाईंना परत फोन लावाल? नाव कसं म्हणायचं ते मला ऐकायचंय."

लावला. वाचनकक्षात फोनवर बोलायची मुभा नाही, म्हणून बाहेर घोड्याखाली येऊन. ऑइरिक, त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले. चुकलं. पुन्हा. चौथ्या वेळी त्या 'हं' म्हणाल्या, आणि मग सवयीने गेलिकमध्ये विचारलं, "को लेश ऊ?"

मास्तर माझ्याकडे बघू लागले. एवढं गेलिक मला येतं. आमच्या गावच्या पारावरही नवीन पोराला हेच विचारतात.

"तू कुणाचा, असं विचारतायत."

त्यांनी डबा कट्ट्यावर ठेवला, घसा खाकरला आणि खालून वर सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव, मग आईचं.