तुम्ही विचारलंत म्हणून: "आधीच का नाही गेलीस?"

नणंदेने विचारलं, ऑफिसातल्या दोघींनी विचारलं, गेल्या दिवाळीत मावसभावाने चकली मोडता मोडता विचारलं. आधीच का नाही गेलीस गं डॉक्टरकडे? सत्तेचाळीसाव्या वर्षी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणजे तोवर मी हातावर हात ठेवून बसले होते असं सगळ्यांनी धरूनच चाललंय. तर एकदाच लिहिते. गेले होते. दोनदा गेले होते.

पहिल्यांदा १९९४ साली, एस.वाय.बीएस्सीला. सांगलीत आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली, मग कुणीतरी मिरजेला न्या म्हणलं (आमच्याकडे काहीही झालं की मिरज). तिथले डॉक्टर दहा मिनिटं बोलले, त्यातली आठ बाबांशी. इमिप्रामिनच्या, म्हणजे डिप्रेशनच्याच, गोळ्या लिहून दिल्या. तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास नुसता फिरत राहायचा. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात हे त्यांनी सांगितलं असेलही. मी अठराव्या दिवशी सोडल्या. आत्या म्हणाली होती पोरीचं लग्न व्हायचंय, डोक्याच्या गोळ्या कुठे सांगत बसता, आणि पुढे कितीतरी वर्षं मी आत्याचंच नाव सांगत आले. खरं तर बद्धकोष्ठाने जीव नकोसा झाला होता आणि आत्याचं कारण सोयीचं होतं. उन्हाळ्यापर्यंत आपोआप बरं वाटायला लागलं. असा एक एपिसोड औषधाशिवायही ओसरू शकतो, तिथेच तर घोळ होतो, कारण घरचे म्हणतात बघा, काही नव्हतंच. मीही म्हणले.

दुसऱ्यांदाचं मात्र जरा सावकाश सांगते.

२००४. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी. लेक सात आठवड्यांची. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सगळं साग्रसंगीत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोप येत नव्हती, बाळ झोपलं तरी येत नव्हती. बाळ रडलं की मला काहीच वाटायचं नाही, हेच सगळ्यात भयंकर होतं आणि ते कुणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. लसीला गेलो तेव्हा दवाखान्यात सोशल वर्क शिकणारी एक मुलगी प्रोजेक्टसाठी बाळंतिणींकडून फॉर्म भरून घेत होती. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला चार उत्तरं. पॅडला सुतळीने पेन बांधलेलं. ती म्हणाली, ताई, खरं लिहा हं. शेजारी आई, मांडीवर बाळ, चष्मा नाकावर सरकवून माझ्याबरोबर वाचतेय.

"तुम्हाला हसू येतं का?" इथे आईच बोलली, येतं की, काल नाही का हसलीस. मी "नेहमीसारखंच" वर टिक केली. विनाकारण स्वतःला दोष देता का? नाही. झोप लागत नाही इतकं दुःखी वाटतं का? आई म्हणाली बाळ रात्री उठतं म्हणून लागत नाही, तसं लिही. असं करत दहाव्यावर आलो. स्वतःला इजा करावी असं मनात येतं का. आई थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, असलं काय विचारतात लेकुरवाळीला, शुभ बोलावं. पेन माझ्या हातात होतं. तिने हात धरला नव्हता माझा. मी "कधीच नाही" वर टिक केली आणि त्या मुलीकडे न बघता पॅड परत दिला. तिने तिथेच बेरीज केली. तीसपैकी पाच, जितके जास्त तितकं वाईट. खूश झाली बिचारी, छान आहे म्हणाली.

आधीच्या रात्रीच आलं होतं मनात. त्याच्या आधीच्याही.

म्हणजे बघा, तपासणी झाली होती. प्रश्न बरोबर होते, आजही बाळंतिणींना हेच विचारतात. उत्तरं खोटी होती आणि ती मी दिली होती. इतकी वर्षं मी म्हणत आले की कुणी नीट विचारलंच नाही. विचारलं होतं. पण आईला शेजारी बसवून विचारणं म्हणजे विचारणं का? त्या एकोणतीस वर्षांच्या मला आजही खडसवावंसं वाटतं, अगं एक टिक होती, खिसकव ना वर. ती म्हणते, मग बाळ कुणाकडे दिलं असतं त्यांनी? मला उत्तर येत नाही.

तिसऱ्यांदा, २०२२, पुण्यात. पाळी वर्षभर मागेपुढे होत होती, त्यामुळे चिडचिड, झोप उडणं सगळं त्याच खात्यावर जात होतं, अगदी चूकही नव्हतं, त्या वर्षांत हे पुन्हा डोकं वर काढू शकतं. गायनॅककडे गेले, तिने थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह बघितलं आणि सरळ सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. या डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर नवऱ्याला बाहेर बसवलं. नऊ प्रश्न, दोन आठवड्यांबद्दल. सत्तावीसपैकी एकोणीस. मग विचारलं, कधी उलटं झालंय का, झोप नाही तरी प्रचंड उत्साह, भरमसाठ खरेदी? कारण तसं असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते. मग मिरज निघालं, बाळंतपण निघालं. सर्ट्रालिन सुरू झालं, पहिला आठवडा मळमळ, पाचव्या आठवड्यात एकदा भाजी फोडणीला टाकताना गुणगुणत होते ते लेकीने ऐकलं. "अजून किती वर्षं घेणार" हेही विचारता तुम्ही. तिसरी खेप आहे, इतक्यात नाही थांबवायचं म्हणालेत. मलाही रोज सकाळी ती पट्टी बघून वाटतं की पुरे आता, आणि मी घेते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आई. त्र्याहत्तर पूर्ण. दिवसभर कंबर दुखते म्हणते, एमआरआयमध्ये फारसं काही नाही. जेवण निम्म्यावर, मालिका लावून बघत नाही, नावं विसरते. म्हातारपणी डिप्रेशन बरेचदा असं अंगदुखीच्या आणि विसरण्याच्या वेषात येतं असं माझे डॉक्टर म्हणाले, म्हणून गुरुवारची वेळ घेतलीय. ती म्हणते मी तुझ्या समाधानासाठी येतेय.

काल रात्री फोनवर विचारत होती, तिथे तू आत येणारेस ना माझ्याबरोबर? मी हो म्हणलंय.